जास्त नंबरचा चष्मा : दोष डोळ्यात की काचेत?

नवा चष्मा घरी आला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "चार दिवस घाल, सवय होईल." मायनस एक-दोन नंबरच्या चष्म्याला ते बहुतेक वेळा लागू पडते. पण मायनस आठ, दहा, बारा असा नंबर असलेल्या मुलाचे किंवा मोठ्या माणसाचे या वाक्याने नुकसान होऊ शकते. नंबर बरोबर असतो, काच चकचकीत असते, तरी लादीच्या रेघा हलतात, फळ्यावरची अक्षरे धुरकट दिसतात, संध्याकाळी डोके धरते. अशा वेळी कधी कधी दोष काचेच्या घासकामात आणि पॉलिशमध्ये असतो. त्या दोषाची सवय होत नाही. मूल चष्मा काढून दप्तरात ठेवू लागते आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोळ्याला स्पष्ट चित्र मिळाले नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. पुढे कितीही चांगला चष्मा दिला तरी ती नजर पूर्ण येईलच असे नाही.

म्हणून जास्त नंबरची काच कशी घासतात, तिच्यात दोष कुठून येतात आणि ते घरच्या घरी कसे ओळखायचे, हे आम्ही या पानावर सांगत आहोत. दुकानात आपण डोळे दाखवतो, पैसे मोजतो, पण काच तपासून घेत नाही. ती तपासता येते. त्यासाठी मोबाईलचा टॉर्च आणि दाराची चौकट एवढे पुरते.

काच बनते कशी

कमी नंबरच्या काचा दोन्ही बाजूंनी तयार होऊनच दुकानात येतात. दुकानदार त्या फक्त फ्रेमच्या आकारात कापतो. जास्त नंबर असेल, किंवा सोबत मोठा सिलिंडर असेल, तर काच ऑर्डर देऊन वर्कशॉपमध्ये बनवावी लागते. तिथे कारखान्यातून जाड चकती येते. तिची पुढची बाजू तयार असते. मागची बाजू वर्कशॉपमध्ये नंबरप्रमाणे घासून काढतात. आपण सवयीने 'काच' म्हणतो, पण आज बहुतेक चष्म्यांत प्लास्टिकची भिंगे असतात. दुकानात त्यांना फायबर म्हणतात.

प्लस नंबरच्या काचेचा फुगवटा पुढच्या बाजूला असतो आणि तो कारखान्यातच घडलेला असतो. मायनस नंबरचे उलटे आहे. तिची मागची बाजू वाटीसारखी खोल कोरावी लागते आणि नंबर जितका जास्त तितकी ही वाटी खोल. म्हणजे सर्वांत अवघड काम वर्कशॉपच्या हातात येते.

हे काम चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून, लवकर वितळणारा धातू किंवा मेण ओतून ती एका ठोकळ्यावर बसवतात. याला ब्लॉक करणे म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात यंत्र मागची बाजू कापून वाटीचा आकार देते. तिसऱ्या टप्प्यात घुमटासारख्या टूलवर खरखरीत पॅड चिकटवतात आणि पाणी सोडत काच त्यावर घासतात. आधी जाड दाण्याचा पॅड, मग बारीक दाण्याचा. चौथ्या टप्प्यात मऊ पॅडवर पांढरे दुधासारखे द्रावण सोडून पॉलिश करतात. प्लास्टिकसाठी त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते, खऱ्या काचेसाठी सेरियम ऑक्साइडची.

यातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक टप्पा फक्त आधीच्या टप्प्याचे ओरखडे काढतो. पॉलिशने अगदी पातळ थर निघतो, त्यामुळे वाकडे घासलेले पॉलिशने सरळ होत नाही. ते फक्त चकचकीत होते. म्हणूनच चकाकी पाहून काच चांगली आहे असे मानता येत नाही.

खोल काचेत चूक का वाढते

काचेची मागची बाजू म्हणजे एका गोळ्याच्या पृष्ठभागाचा साचा समजा. वर्कशॉपच्या मापात ४ ची वक्रता म्हणजे साधारण १३२ मिलिमीटर त्रिज्येचा गोळा. १० ची वक्रता म्हणजे ५३ मिलिमीटर त्रिज्येचा गोळा. ६० मिलिमीटर रुंदीच्या काचेत पहिली वाटी सुमारे साडेतीन मिलिमीटर खोल असते, दुसरी नऊ मिलिमीटरहून जास्त.

आता असे धरा की पॉलिशचा पॅड हवा त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड लागला. उथळ काचेत टूल आणि काच यांच्यामध्ये जेमतेम एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी फट पडते. मऊ पॅड ती सहज भरून काढतो. त्याच अर्ध्या मिलिमीटरने खोल काचेत मात्र एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतकी फट पडते. चूक तीच, परिणाम आठपट. पॅड कडेला दाबून बसतो आणि मध्यभागाला नीट टेकतच नाही.

खोल काचेच्या आणखी तीन अडचणी आहेत. सपाट गोल पॅड घुमटावर बसवला की त्याला चुण्या पडतात, म्हणून तो फुलाच्या पाकळ्यांसारखा कापलेला असावा लागतो. दोन पाकळ्या एकमेकींवर चढल्या तर तिथे काचेवर रेघ उमटते. दुसरी अडचण म्हणजे द्रावण खोल वाटीच्या मध्यापर्यंत नीट पोचत नाही आणि तो भाग तापतो. तिसरी अडचण जाडीची. मायनस काच कडेला जाड असली तरी मध्यभागी एक-दोन मिलिमीटरच उरते. दाब जास्त झाला की तो पातळ भाग लवतो, आणि दाब सुटल्यावर मूळ जागी येताना पृष्ठभागावर लाटा उरतात.

कोणता दोष कशामुळे येतो

मध्यभाग धुरकट, कडा स्वच्छ : टूल काचेपेक्षा सपाट पडला आहे, तो फक्त कडेला घासतो. घासण्याचा आणि पॉलिशचा पॅड यांच्या जाडीचा मेळ नसणे हे याचे नेहमीचे कारण. डोळ्याची बाहुली नेमकी मध्यभागासमोर असल्याने या दोषाचा त्रास लगेच जाणवतो.

कडा धुरकट, मध्यभाग स्वच्छ : टूल काचेपेक्षा जास्त फुगीर आहे, किंवा पॅड झिजून पातळ झाला आहे. फ्रेम लहान असेल तर हा भाग कापला जातो आणि त्रास होत नाही. फ्रेम मोठी असेल तर तो चष्म्यात राहतो.

बारीक समांतर रेघा किंवा वर्तुळे : यंत्राने कापतानाचे वण घासताना पूर्ण निघालेले नाहीत. घासायला वेळ कमी दिला, किंवा झिजलेला पॅड पुन्हा वापरला.

वळणदार ओरखडे : पॉलिशच्या द्रावणात खरखरीत दाणा शिरला. घासलेली काच आणि टूल न धुता पॉलिशला लावले, किंवा भांड्याच्या कडेला सुकलेली खपली द्रावणात पडली, की असे होते. गाळणी साफ ठेवणे आणि दोन टप्प्यांमध्ये सगळे धुणे, एवढाच त्यावर उपाय.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग : काच चमकते, पण बारकाईने पाहिल्यास उंचसखल दिसते. द्रावण तापले, दाब जास्त झाला, किंवा पॉलिश गरजेपेक्षा जास्त वेळ चालले. प्लास्टिकसाठी द्रावण थंड ठेवावे लागते. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात थंड करण्याची सोय नसलेल्या ठिकाणी हा दोष वाढणे साहजिक आहे.

लाटा : सर्वांत फसवा दोष हाच. काच स्वच्छ आणि चकचकीत असते, पण तिच्यातून पाहिलेली रेघ थरथरते. ब्लॉक केल्यावर काच पुरती गार न होताच कापली, ठोकळा लहान पडून काच लवली, किंवा काम चालू असताना ती ठोकळ्यावरून सैल झाली, ही याची कारणे. पॉलिकार्बोनेटसारखे मऊ प्लास्टिक लवकर बिघडते.

बरोबर मध्यभागी ठिपका : संगणकावर चालणाऱ्या नव्या यंत्रांत पॅडची अडचण कमी होते. पण कापणारे पाते केंद्रावर अचूक जुळवलेले नसेल तर काचेच्या बरोबर मध्यावर बारीक उंचवटा किंवा खळगा राहतो. महागड्या यंत्रावर बनलेली काचही म्हणून तपासूनच घ्यावी.

चष्मा घेताना करायच्या चार तपासण्या

आधी चष्मा साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचे ठसे आणि धूळ पुष्कळदा दोषासारखी दिसतात.

१. काळे कापड : चष्मा काळ्या कापडासमोर धरा आणि ट्यूबलाइटचा प्रकाश बाजूने पडू द्या. धुरकट भाग, ओरखडे आणि रेघा लगेच दिसतात.

२. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब : काचेच्या आतल्या, म्हणजे डोळ्याकडच्या बाजूवर ट्यूबचे प्रतिबिंब पकडा आणि चष्मा हळूहळू कलवा. प्रतिबिंबाच्या कडा गुळगुळीत सरकायला हव्यात. त्या फाटक्या किंवा दाणेदार दिसल्या तर पॉलिश नीट झालेले नाही.

३. चौकटीची रेघ : चष्मा हातभर लांब धरा. एका काचेतून दाराची चौकट किंवा खिडकीचा गज पाहा आणि चष्मा न फिरवता सावकाश वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवा. जास्त नंबरच्या काचेत कडेजवळ रेघ वाकते, ते नैसर्गिक आहे. ती एकसारखी वाकली पाहिजे. एखाद्या जागी रेघेला अचानक झटका बसला किंवा ती नागमोडी झाली, तर तिथे लाट आहे.

४. भिंतीवरची सावली : खोलीत अंधार करा. मोबाईलचा टॉर्च पांढऱ्या भिंतीपासून दोन-तीन मीटरवर ठेवा आणि चष्मा भिंतीपासून हातभर अंतरावर धरा. मायनस काचेची सावली मध्ये गडद आणि कडेला उजळ पडते. तिच्यातला बदल एकसारखा हवा. मध्येच पट्टे किंवा ढगासारखे डाग दिसले, तर पृष्ठभाग सपाटीने घासलेला नाही. दोन्ही काचांच्या सावल्या शेजारी ठेवून पाहा, फरक कळतो.

या गोष्टी दोष नव्हेत

दुकानदाराशी बोलण्याआधी हेही माहीत असावे, नाहीतर आपलेच म्हणणे लंगडे पडते. जास्त मायनस नंबरच्या चष्म्यात समोरून पाहताना कडेला एकात एक वर्तुळे दिसतात. ती जाड कडेची प्रतिबिंबे असतात. पॉलिकार्बोनेट आणि जास्त नंबरसाठी मिळणाऱ्या पातळ काचांत कडेने पाहिल्यास अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसते. तो त्या प्लास्टिकचा गुणधर्म आहे. चष्म्यातून वस्तू लहान दिसणे हेही मायनस नंबरबरोबर येतेच. आणि काच नीट घासलेली असूनही तिचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर डोके दुखते. मायनस दहाच्या काचेत चार मिलिमीटरचा फरकही त्रासदायक ठरतो. तो फिटिंगचा दोष आहे, आणि तोही दुकानानेच दुरुस्त करायचा असतो.

दोष काचेत नसेल तर

काचेचा दोष आणि डोळ्याचा दोष वेगळा करण्याची एक सोपी खूण आहे. एक डोळा झाका आणि लादीच्या रेघेकडे पाहा. आता फ्रेम थोडी वर-खाली सरकवा. वाकडा किंवा धुरकट भाग फ्रेमबरोबर सरकला, तर दोष काचेत आहे. तो नजरेच्या मध्येच राहिला आणि जुना चष्मा घातल्यावरही तसाच दिसला, तर दोष डोळ्यात असू शकतो. मग चष्म्याच्या दुकानात वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञाकडे जा.

जास्त मायनस नंबर असणाऱ्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे आतला पडदा ताणलेला आणि नाजूक असतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, अचानक खूप काळे ठिपके तरंगू लागणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात पोचा. पडदा सुटत असेल तर उशीर केल्याने नजर कायमची जाऊ शकते.

दुकानात काय बोलायचे

ऑर्डर देतानाच पक्के बिल घ्या. त्यावर दोन्ही डोळ्यांचे नंबर, काचेचा प्रकार आणि किंमत लिहून घ्या. फ्रेम लहान आणि गोलसर निवडा. मोठी फ्रेम दिसायला झोकदार असली तरी जास्त नंबरला ती जड होते आणि काचेचा कडेकडचा भाग, जिथे दोष राहण्याचा धोका अधिक, तोही चष्म्यात येतो.

चष्मा हातात आल्यावर वरच्या तपासण्या तिथेच करा. पहिल्या तीन तर दुकानाच्या दारात उभे राहूनही होतात. दोष दिसला तर शांतपणे दुकानदारालाही दाखवा : "या जागी रेघ तुटते, तुम्हीच पाहा." "पुन्हा पॉलिश करून देतो" असे उत्तर आले तर मान्य करू नका. फ्रेमच्या आकारात कापलेली आणि वरून कोटिंग झालेली काच पुन्हा ठोकळ्यावर बसवून नीट पॉलिश करता येत नाही. नवीनच काच बनवायला हवी. दुकानदार ऐकतच नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना बिल जवळ ठेवा.

देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातून शाळेतल्या मुलांना तपासणीनंतर मोफत चष्मे दिले जातात. विहारात किंवा शाळेत शिबिर होते तेव्हाही चष्मे वाटले जातात. असा चष्माही तपासून घ्यावा. तो मोफत असला तरी तो आपला हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे. दोष असेल तर शिक्षकांना किंवा शिबिराच्या आयोजकांना सांगून बदलून घ्या. मुलाला "काय दिसत नाही?" असे विचारण्यापेक्षा "चष्म्यातून लादीची रेघ सरळ दिसते का?" असे विचारा. मूल खरे उत्तर देते.

घरी आल्यावर कोरड्या पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने काच पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. टूथपेस्ट किंवा राख लावून ओरखडे काढायचा घरगुती उपाय तर मुळीच करू नका. त्याने कोटिंग जाते आणि अख्खी काच धुरकट होते.

काच घासणाऱ्या हातांसाठी

ज्यांच्या घरातले कोणी लेन्सच्या वर्कशॉपमध्ये काम करते, त्यांच्यासाठी आम्हाला वेगळे सांगायचे आहे. ब्लॉक करण्याच्या लवकर वितळणाऱ्या धातूत सहसा शिसे असते, काही प्रकारांत कॅडमियमही असते. ही दोन्ही द्रव्ये शरीरात साठत जातात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक असते आणि ते बापाच्या कपड्यांवरून घरात येऊ शकते. यंत्राजवळ डबा उघडू नका, तंबाखू मळू नका. जेवणाआधी साबणाने हात धुवा. कामाचे कपडे तिथेच बदला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. वाळलेली पॉलिशची भुकटी झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे ती श्वासात जाणार नाही. धातू वितळवण्याच्या जागी हवा खेळती ठेवण्याची मागणी मालकाकडे करा. पोटात वारंवार दुखणे, थकवा, हातापायांत अशक्तपणा अशा तक्रारी असतील तर डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आवर्जून सांगा आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घेण्याबद्दल विचारा.

पॅड वेळेवर बदलणे, द्रावण थंड आणि स्वच्छ ठेवणे, ब्लॉक गार होऊ देणे यासाठी कारागिराला वेळ मिळाला पाहिजे. दिवसाला जास्तीत जास्त काचा काढण्याच्या घाईत हा वेळ कापला जातो, आणि त्याचा भुर्दंड दूर कुठल्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला पडतो. त्या मुलाने "नीट दिसत नाही" म्हटले तर आधी त्याचा चष्मा हातात घ्या आणि दाराच्या चौकटीसमोर धरून पाहा.